कळफलकचालित लाँचर

संगणकात साठविलेले कार्यक्रम, फाइली, फोल्डर व आज्ञा यांपैकी हवी ती गोष्ट माउसला हात न लावता, केवळ तिच्या नावातील काही अक्षरे टंकित करून उघडण्याची सोय करणारा छोटा साहाय्यक कार्यक्रम. ठरविलेल्या दोन कळा एकदम दाबताच पडद्यावर एक अरुंद पट्टी प्रकट होते. तीत अक्षरे उमटू लागताच त्यांच्याशी जुळणाऱ्या नावांची यादी खाली दिसते आणि एंटर कळ दाबली की यादीतील पहिली गोष्ट उघडून पट्टी नाहीशी होते. जहाज पाण्यात सोडणे या अर्थाच्या इंग्रजी शब्दावरून ‘लाँचर’ हे नाव पडले असून मराठीतही तेच रूढ आहे. मॅकिंटॉश संगणकावरील लाँचबार, क्विकसिल्व्हर, आल्फ्रेड व रेकास्ट, विंडोजवरील लाँची, कीपिरिन्हा, फ्लो लाँचर व पॉवरटॉइज, तसेच लिनक्सवरील केरनर, डीमेन्यू व रोफी हे या प्रकारातील उल्लेखनीय कार्यक्रम होत.

वरवर पाहता हे सर्व कार्यक्रम सारखेच भासतात. कारण पट्टी, अक्षरे व यादी हा क्रम सर्वांत समान आहे. त्यांच्यातील खरा फरक, वापरणाऱ्यास ते आपल्या गरजेप्रमाणे कितपत व कोणत्या थरावर बदलून घेता येतात, यात आहे. अशा बदलून घेण्यास सानुकूलन म्हणतात. लाँचर निवडताना पुष्कळदा पट्टीचे रंग व आकार यांचीच तुलना केली जाते. तथापि लाँचर हा हाताच्या सवयीवर चालणारा कार्यक्रम असल्यामुळे, ती सवय किती स्थिर राहते आणि कार्यक्रम बंद पडल्यास वापरणाऱ्याने केलेल्या रचनेचे काय होते, हे प्रश्न अधिक महत्त्वाचे ठरतात.

पूर्वपीठिका : नाव टंकित करून कार्यक्रम चालविण्याची रीत जुनी आहे. केन टॉमसन यांनी युनिक्स प्रणालीसाठी लिहिलेला शेल हा आज्ञाग्राहक कार्यक्रम १९७१ मध्ये वापरात आला व त्यात कार्यक्रमाचे नाव हीच आज्ञा असे. अमेरिकेतील बोल्ट, बेरानेक अँड न्यूमन या संस्थेच्या टेनेक्स प्रणालीत १९७० च्या दशकाच्या आरंभीच अर्धवट टंकित केलेले नाव यंत्राने पूर्ण करण्याची सोय होती. आजच्या लाँचरचे बीज या सोयीत दिसते. मात्र या रीतीत नाव पाठ असावे लागे. झेरॉक्स स्टार (१९८१), ॲपल लिसा (१९८३) व मॅकिंटॉश (१९८४) या संगणकांनी ही अट काढून टाकली. पडद्यावरील चित्र ओळखून त्यावर माउसने टिचकी मारली की काम होऊ लागले. स्मरणाची जागा ओळखीने घेतली. पहिल्या मॅकिंटॉशच्या कळफलकावर बाणाच्या कळादेखील नव्हत्या. यावरून माउसवर किती भर देण्यात आला होता याची कल्पना येते.

संगणकावरील कार्यक्रमांची संख्या दहा-वीस होती तोवर ही चित्ररीत पुरेशी होती. ती शंभराच्या पुढे गेल्यावर मेनूत मेनू आणि त्यात पुन्हा मेनू अशी उतरंड तयार झाली. विंडोज ९५ (१९९५) मधील ‘स्टार्ट’ मेनू हे तिचे परिचित उदाहरण होय. त्याच प्रणालीत विंडोज-कळ व ‘आर’ ही कळ एकत्र दाबून नाव टंकित करण्याचा चौकोन उघडत असे. परंतु त्यास अचूक नाव लागे. अपुरे किंवा मधली अक्षरे गाळलेले नाव चालवून घेणारा लाँचर प्रथम नेक्स्ट संगणकाच्या प्रणालीवर रुजला. ऑस्ट्रियातील ऑब्जेक्टिव्ह डेव्हलपमेंट या कंपनीचा लाँचबार त्या प्रणालीवरून २००१ मध्ये मॅक ओएस टेनवर आला. २००३ मध्ये निकोलस जिटकॉफ यांचा क्विकसिल्व्हर आला. पुढे ॲपलने स्पॉटलाइट (२००५) व मायक्रोसॉफ्टने व्हिस्टातील स्टार्ट मेनूचा शोध-चौकोन (२००७) देऊन हीच सोय मूळ प्रणालीत अंतर्भूत केली.

काळाचा हिशेब : कळफलकाने काम खरोखरच लवकर होते काय, हे तपासण्यास कार्ड, मोरान व न्यूएल या संशोधकांनी १९८० मध्ये मांडलेले कळ-आघात प्रतिमान उपयोगी पडते. त्यात सराईत माणसाच्या प्रत्येक हालचालीस सरासरी काळ दिलेला आहे : मनाची तयारी १·३५ सेकंद, कळफलक व माउस यांदरम्यान हात नेणे ०·४० सेकंद, माउसने लक्ष्य गाठणे १·१० सेकंद आणि एक कळ दाबणे सरासरी कुशल टंकलेखकास ०·२० सेकंद. माउसने मेनू उघडून त्यातील एक नाव निवडावयाचे व हात परत कळफलकावर आणावयाचा, तर मनाची तयारी, हाताच्या दोन फेऱ्या, दोन लक्ष्ये व दोन टिचक्या मिळून ४·७५ सेकंद होतात. लाँचरमध्ये मनाची तयारी, पट्टी उघडणाऱ्या दोन कळा, तीन अक्षरे व एंटर मिळून २·५५ सेकंद पुरतात. मिनिटाला सुमारे चाळीस शब्द टंकित करणाऱ्यास (प्रत्येक कळीस ०·२८ सेकंद) हा काळ ३·०३ सेकंद पडतो. परंतु कळफलकाशी अपरिचित असलेल्यास एक कळ शोधून दाबण्यास १·२ सेकंद लागतात असे हेच प्रतिमान सांगते. त्याचा काळ ८·५५ सेकंदांवर जातो, तर माउसचा आकडा तसाच राहतो. लाँचर सर्वांसाठी शीघ्र आहे, हे विधान त्यामुळे सरसकट खरे नाही. ज्याचे बोट अक्षरावर न पाहता पडते त्याच्यापुरतेच ते खरे आहे.

दिवसातून शंभर वेळा लाँचर वापरणाऱ्या सराईत माणसाची बचत या हिशेबाने २२० सेकंद, म्हणजे पावणेचार मिनिटांच्या आसपास होते. लाँचर मनासारखा सजविण्यात सहा तास घालविल्यास ते भरून निघण्यास सुमारे शंभर दिवस लागतील, ही गोष्ट सानुकूलनाच्या हौशी मंडळींनी ध्यानात घेण्यासारखी आहे. लाँचरचा अधिक मोठा लाभ काळात नसून अवधानात आहे. लिहिता लिहिता दुसरी फाइल उघडताना नजर पडद्याच्या कडेला शोध घेत फिरत नाही आणि हाताखालचे काम मनातून सुटत नाही. हा लाभ प्रतिमानाच्या आकड्यांत उमटत नाही.

कार्यपद्धती : लाँचर पार्श्वभूमीवर सतत चालू असतो व ठरलेल्या कळांची जोडी तो प्रणालीकडून राखून ठेवतो. कार्यक्रम व फाइली यांच्या नावांची सूची त्याने आधीच करून ठेवलेली असते. ती दर वेळी नव्याने करावी लागली, तर पट्टी उघडण्यास विलंब होऊन लाँचरचा हेतूच नष्ट होईल. विंडोजवरील एव्हरीथिंग हा शोधकार्यक्रम चकतीवरील एनटीएफएस फाइलरचनेचा मुख्य तक्ताच वाचतो व त्यामुळे लक्षावधी नावांची सूची अल्पावधीत तयार करतो. फ्लो लाँचरसारखे कार्यक्रम ही सूची आयतीच वापरतात.

अक्षरे जुळविण्याच्या तीन रीती प्रचलित आहेत. पहिलीत नावाचा आरंभच जुळावा लागतो. दुसरीत अक्षरे नावात कोठेही, परंतु सलग असावी लागतात. तिसरीत ती क्रमाने आली म्हणजे पुरे, मध्ये इतर अक्षरे असली तरी चालते. तिसऱ्या रीतीने ‘फायरफॉक्स’ या कार्यक्रमास रोमन ‘एफ’ व ‘एक्स’ ही दोन अक्षरेही पुरतात. ही रीत सैल असल्यामुळे तिला गुणांकनाची जोड द्यावी लागते. शब्दाच्या आरंभीचे अक्षर जुळल्यास अधिक गुण, सलग अक्षरांस अधिक गुण, मधल्या अंतरास वजावट, असे नियम करून यादीचा क्रम लावतात.

बहुतेक लाँचर या क्रमात आणखी एक गोष्ट मिसळतात. वापरणाऱ्याने पूर्वी त्याच अक्षरांवर काय निवडले होते, हे लक्षात ठेवून ते नाव वर आणतात. लाँचबार व क्विकसिल्व्हर यांची ख्याती मुख्यतः या शिकण्याच्या गुणामुळे झाली. ही सोय जितकी सुखद तितकीच फसवी आहे. चार दिवस दुसऱ्या कामात गेले की क्रम बदलतो आणि न पाहता दाबलेल्या त्याच कळा निराळाच कार्यक्रम उघडतात. यंत्राने आपणहून जुळवून घेणे व वापरणाऱ्याने यंत्र जुळवून घेणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीमुळे दुसरीची गरज कमी होते. पण तिच्यावर फार विसंबल्यास हाताची सवय अस्थिर होते. म्हणूनच चांगल्या लाँचरमध्ये विशिष्ट अक्षरे विशिष्ट कार्यक्रमास कायमची बांधून देण्याची तरतूद असावी लागते.

सानुकूलनाचे थर : सर्वांत वरचा थर दृश्य रूपाचा, म्हणजे रंग, अक्षराचा आकार, पट्टीचे स्थान यांचा. हा थर सर्वांत दिसतो व सर्वांत कमी परिणाम करतो. त्याखाली कळांच्या जोडीचा थर येतो. येथे एक खरी अडचण असते, कारण सोयीच्या जोड्या थोड्याच आहेत. कमांड व स्पेस ही लाँचबारची मूळची जोडी होती. तीच स्पॉटलाइटने घेतल्यावर वापरणाऱ्यांना दोहोंपैकी एकाची जोडी बदलावी लागली. विंडोजमध्ये आल्ट व स्पेस यांनी खिडकीचा लहान मेनू उघडत असे. पॉवरटॉइजच्या लाँचरने ती जोडी आपणाकडे घेतली. तिसरा थर शोधाच्या व्याप्तीचा असून कोणत्या फोल्डरांची सूची करावी व कोणत्या वगळाव्यात हे त्यात ठरते. प्रत्यक्ष वापरात बहुतेकांना समाधान देणारा बदल याच थरावर होतो. नको त्या फाइली यादीतून गेल्या की दोन अक्षरांत काम भागते. चौथ्या थरावर वापरणारा स्वतःच्या नव्या आज्ञा निर्माण करतो. लाँचरांची खरी तुलना या थरावर सुरू होते.

तौलनिक विचार : क्विकसिल्व्हरची रचना व्याकरणावर आधारलेली आहे. त्याच्या पट्टीत तीन चौकटी असतात. पहिलीत कर्म, दुसरीत क्रिया व गरज असल्यास तिसरीत त्या क्रियेचे आणखी एक पद येते. उदा., पहिल्या चौकटीत एखादी फाइल, दुसरीत ‘हलवा’ ही क्रिया व तिसरीत जेथे हलवावयाचे तो फोल्डर निवडला की पूर्ण वाक्य बनून काम पार पडते. कर्म आधी व क्रियापद नंतर हा क्रम मराठी वाक्यरचनेस जवळचा आहे, हा योगायोग नमूद करण्यासारखा आहे. इंग्रजीच्या वळणाने लिहिलेल्या युनिक्स आज्ञांत क्रिया आधी येते. या रचनेचा लाभ गुणाकाराचा आहे. जोडकार्यक्रमाने म्हणजेच प्लगइनने एक नवी क्रिया आणली की ती त्या जातीच्या सर्व कर्मांना लागू होते व नवे कर्म आणले की जुन्या क्रिया त्यास लागू होतात. वारंवार लागणारे वाक्य ‘ट्रिगर’ म्हणून एका कळजोडीस बांधून ठेवता येते. लिनक्सवरील ग्नोम डू या कार्यक्रमाने हीच कल्पना उचलली होती. त्याचा विकास पुढे थांबला.

क्विकसिल्व्हरचा तोटाही याच गुणातून निघतो. त्याचे व्याकरण आधी शिकावे लागते आणि कोणत्या कर्मास कोणती क्रिया लागू आहे हे पट्टी पाहून कळत नाही. नव्या माणसास तो गूढ वाटतो व बरेच जण पहिल्या आठवड्यातच त्यास सोडून देतात.

ब्रिटनमध्ये तयार झालेला आल्फ्रेड (२०१०) वेगळ्या मार्गाने जातो. त्याच्या २०१३ मधील दुसऱ्या आवृत्तीत ‘वर्कफ्लो’ ही सोय आली. तीत संकेतशब्द, स्क्रिप्ट, गाळणी व परिणाम हे ठोकळे पडद्यावर मांडून रेघांनी जोडावयाचे असतात. स्क्रिप्ट शेल, पायथन, रूबी, ॲपलस्क्रिप्ट इ. भाषांत लिहिता येते व तिने ठरावीक साच्यात मजकूर परत दिला की तो लाँचरच्या यादीत दिसतो. ही सोय एकदाच पैसे भरून मिळणाऱ्या परवान्यात आहे. भाषा मोकळी ठेवल्यामुळे लिहिणाऱ्यास सोय झाली, परंतु वर्कफ्लो प्रणालीतील आयत्या भाषांवर विसंबून राहिले. ॲपलने मॅक ओएसच्या बाराव्या आवृत्तीतून पीएचपी (२०२१) व १२·३ मधून पायथन २ (२०२२) काढून टाकल्यावर त्या भाषांत लिहिलेले पुष्कळ वर्कफ्लो बंद पडले. त्यांपैकी ज्यांचे लेखक उरले नव्हते ते वापरणाऱ्यालाच दुरुस्त करावे लागले किंवा सोडून द्यावे लागले.

लंडनमधील कंपनीचा रेकास्ट (२०२०) याच्या उलट टोकास आहे. त्याचे जोडकार्यक्रम टाइपस्क्रिप्ट भाषेत व रिॲक्ट या पद्धतीने लिहावयाचे असून ते तपासून एका सामाईक भांडारात ठेवले जातात. यादी, अर्ज, तपशील-पान हे घटक कंपनीने आखून दिलेले असल्यामुळे सर्व जोडकार्यक्रम एकसारखे दिसतात व एक शिकला की दुसरा परका वाटत नाही. त्या बदल्यात आखलेल्या घटकांबाहेरचे काही करता येत नाही, व मूळ कार्यक्रमाची संहिता खुली नाही. मूलभूत वापर विनामूल्य असून काही सोयींसाठी नियतकालिक वर्गणी आहे. २०२५ मध्ये त्याची विंडोजवरील चाचणी आवृत्तीही उपलब्ध झाली. तयार वस्तू निवडून कामास लागणाऱ्यास रेकास्ट सोयीचा व स्वतःचे हत्यार स्वतः घडविणाऱ्यास आल्फ्रेड अधिक मोकळा, असे सर्वसाधारणपणे म्हणता येते.

लिनक्सवरील डीमेन्यू (२००६) हा या सर्वांहून निराळा व विचार करण्यास लावणारा कार्यक्रम आहे. तो खरे तर लाँचरच नव्हे. त्यास ओळींची यादी पुरवावी, त्याने ती पडद्याच्या कडेला दाखवावी आणि वापरणाऱ्याने निवडलेली ओळ परत द्यावी, एवढेच त्याचे काम. कार्यक्रमांच्या नावांची यादी दिली की तो लाँचर होतो. परिचितांच्या पत्त्यांची दिली की पत्तावही होते. उघड्या खिडक्यांची दिली की खिडक्या बदलण्याचे साधन होते. युनिक्समधील एका कार्यक्रमाचे निर्गत दुसऱ्यास आगत म्हणून देण्याची जी नळीपद्धत आहे, तिच्यात तो एका सांध्यासारखा बसतो. तो निवडींतून काही शिकत नाही. म्हणून त्याच यादीवर त्याच कळांचा परिणाम नेहमी तोच येतो. मात्र त्याचे मूळचे रंगरूप कायमचे बदलावयाचे तर सी भाषेतील त्याच्या मांडणीच्या फाइलीत बदल करून तो पुन्हा संकलित करावा लागतो. सामान्य वापरणाऱ्यास ही अट जाचक वाटणे स्वाभाविक आहे. रोफी या कार्यक्रमाने हीच कल्पना घेऊन तिला मजकूर-फाइलीतून बदलता येणारी सजावट, जुळणीच्या वेगवेगळ्या रीती व खिडक्यांची यादी यांची जोड दिली. लिनक्सवर पडदा हाताळणाऱ्या जुन्या एक्स प्रणालीऐवजी वेलँड ही पद्धत रूढ होत असून तीत कोणत्याही कार्यक्रमास सर्व कळांवर परस्पर ताबा मिळविता येत नाही. त्यामुळे कळजोडी लाँचरमध्ये नव्हे, तर खिडक्यांची व्यवस्था पाहणाऱ्या कार्यक्रमात बांधावी लागते. वोफी व फझल हे कार्यक्रम या पद्धतीसाठी लिहिलेले आहेत. केडीई मेजावरील केरनर हा त्या मेजाशी एकजीव असल्याने त्यास स्वतंत्र मांडणी फारशी लागत नाही.

विंडोजवर लाँची हा खुल्या संहितेचा कार्यक्रम बराच काळ लोकप्रिय होता. कीपिरिन्हाची सर्व मांडणी मजकूर-फाइलींत असून जोडकार्यक्रम पायथनमध्ये लिहितात. मायक्रोसॉफ्टने २०२० मध्ये पॉवरटॉइज या संचात लाँचर दिला. त्यात पहिल्या चिन्हावरून शोधाचा प्रकार ठरतो, उदा., बरोबरचे चिन्ह दिल्यास आकडेमोड, ‘पेक्षा लहान’चे चिन्ह दिल्यास उघड्या खिडक्या. ही चिन्हे वापरणाऱ्यास बदलता येतात. २०२५ मध्ये त्याच संचात जोडकार्यक्रमांवर अधिक भर देणारा कमांड पॅलेट आला.

शिकागोतील ह्यूमनाइज्ड या छोट्या कंपनीने २००७ मध्ये विंडोजसाठी काढलेल्या एन्सो या कार्यक्रमाचा उल्लेख येथे आवश्यक आहे. संस्थापकांपैकी आझा रास्किन हे मॅकिंटॉश प्रकल्पाचे आद्य प्रवर्तक जेफ रास्किन यांचे पुत्र. एन्सोत कॅप्सलॉक कळ दाबून धरलेली असेतोवर आज्ञा टंकित करावयाची व कळ सोडली की ती अमलात यावयाची. पट्टी उघडी राहून गेली, हा प्रमाद त्यात घडूच शकत नसे, कारण बोटाच्या दाबावरूनच वापरणाऱ्यास आपण कोणत्या अवस्थेत आहोत हे कळे. २००८ च्या आरंभी या कंपनीची प्रमुख मंडळी मोझिला संस्थेत गेली आणि एन्सोचा विकास मंदावला. त्याच्या रीतीने सरावलेल्या लोकांना तितकेच समाधानकारक दुसरे साधन मिळाले नाही.

देवनागरीचा प्रश्न : मराठीत काम करणाऱ्यास लाँचर वापरताना काही खास अडचणी येतात. पहिली कळफलकाच्या मांडणीची. भारत सरकारच्या इलेक्ट्रॉनिकी विभागाने १९८६ मध्ये प्रमाणित केलेली इन्स्क्रिप्ट मांडणी चालू असताना रोमन ‘एफ’, ‘आय’, ‘आर’ या कळा दाबल्यास पट्टीत र्‍हस्व वेलांटी, ‘ग’ व दीर्घ वेलांटी उमटते आणि फायरफॉक्स सापडत नाही. आधी मांडणी बदलावी लागते. म्हणजे वाचविलेल्या दोन कळा तेथेच खर्च होतात. क्विकसिल्व्हरची मूळची कंट्रोल व स्पेस ही जोडी तर मॅकवर मांडणी बदलण्यासाठीच वापरली जाते, त्यामुळे दोन लिप्यांत लिहिणाऱ्याने ती प्रथम बदललेली बरी. लिनक्सवर कार्यक्रमाची नोंद ठेवणाऱ्या फाइलीत नाव व शोधशब्द प्रत्येक भाषेत वेगळे देण्याची सोय आहे. तेथे मराठी नाव भरलेले असल्यास देवनागरी अक्षरांनीही कार्यक्रम सापडू शकतो, व वापरणाऱ्यास ते स्वतः भरता येते.

दुसरी अडचण सूक्ष्म आहे. युरोपीय भाषांतील अक्षरांवरची चिन्हे शोधताना आड येऊ नयेत म्हणून काही कार्यक्रम युनिकोडमधील जोडचिन्हे गाळून तुलना करतात. देवनागरीतील उकार, मात्रा, अनुस्वार व हलन्त ही याच वर्गात मोडतात. काना व वेलांट्या मात्र निराळ्या वर्गात आहेत. अशा कार्यक्रमात ‘पुणे’, ‘पेण’ व ‘पण’ ही तिन्ही रूपे एकच होतात, तर ‘पाणी’ वेगळे राहते. ज्याच्या फाइलींची नावे मराठीत आहेत त्याने लाँचर स्वीकारण्यापूर्वी अशा दोन-चार शब्दांची चाचणी घ्यावी. जोडाक्षरातही असेच घडते. ‘क्ष’ हे डोळ्यांना एक अक्षर असले तरी संगणकास ते क, हलन्त व ष असे तीन घटक आहेत. म्हणून सैल जुळणीत केवळ ‘ष’ टंकित केल्यावर ‘क्षेत्र’ नावाची फाइल समोर आल्यास ती चूक समजू नये.

सुरक्षितता व खासगीपणा : लाँचर वापरणाऱ्याच्या सर्व अधिकारांनिशी चालतो आणि जोडकार्यक्रमास सामान्यतः तेच अधिकार मिळतात. अनोळखी जोडकार्यक्रम बसविणे हे म्हणूनच अनोळखी कार्यक्रम चालविण्याइतकेच जोखमीचे आहे. दुसरा धोका टंकित अक्षरांचा. ऑक्टोबर २०१२ मध्ये उबुंटू या लिनक्स वितरणाच्या १२·१० या आवृत्तीत मेजावरील शोध-चौकोनात टंकित केलेले शब्द कॅनॉनिकल या कंपनीच्या संगणकांमार्फत ॲमेझॉनवरील विक्रीच्या वस्तू शोधण्यास पाठविले जाऊ लागले. आपल्याच संगणकावरील फाइल शोधणाऱ्याचे शब्द बाहेर जातात, हे उघड झाल्यावर तीव्र टीका झाली. मुक्त संहितेचे पुरस्कर्ते रिचर्ड स्टॉलमन यांनी त्यास हेरगिरी करणारा कार्यक्रम म्हटले. ही सोय बंद करता येत होती, परंतु ती मुळातच बंद ठेवण्याचा निर्णय २०१६ च्या १६·०४ या आवृत्तीत अमलात आला. सानुकूलनाचे मोल जितके काय जोडता येते यात, तितकेच काय तोडता येते यात आहे, हे या प्रकरणी स्पष्ट झाले.

सातत्य : लाँचर हे बहुधा एका माणसाचे किंवा लहान कंपनीचे काम असते. क्विकसिल्व्हरची संहिता २००७ मध्ये खुली करण्यात आली. निर्मात्याने पुढे गूगलमध्ये त्याच जातीच्या क्विक सर्च बॉक्स या कार्यक्रमावर काम केले. तो कार्यक्रम टिकला नाही. उलट स्वयंसेवकांच्या हाती गेलेला क्विकसिल्व्हर टिकून राहिला व २०१३ मध्ये त्याची १·० ही आवृत्ती निघाली. मूळ प्रणाली बनविणाऱ्या कंपन्याही लाँचरांतील उपयुक्त सोयी हळूहळू आपल्याकडे घेतात. २०२५ मधील मॅक ओएसच्या सव्विसाव्या आवृत्तीत स्पॉटलाइटमधून थेट क्रिया करणे, त्यांना अक्षरसंक्षेप देणे व पूर्वी नकललेला मजकूर पुन्हा काढणे या सोयी आल्या. त्या आल्फ्रेड व लाँचबार यांत कित्येक वर्षे होत्या. ज्यांची गरज एवढीच आहे त्यांना आता निराळा लाँचर बसविण्याचे कारण उरलेले नाही.

स्वतःच्या आज्ञा रचणाऱ्यांचे मात्र तसे नाही. त्यांची रचना कोणत्या स्वरूपात साठविली जाते यावर ती पुढे नेता येईल की नाही हे ठरते. रोफी डीमेन्यूच्या जागी बसविता येतो, त्यामुळे डीमेन्यूसाठी लिहिलेल्या साध्या स्क्रिप्टा किरकोळ बदलाने त्यावर चालतात. आल्फ्रेडच्या वर्कफ्लोतील स्क्रिप्ट वेगळी काढून दुसरीकडे वापरता येते, परंतु तिच्याभोवतीची ठोकळ्यांची जुळणी मागे राहते. रेकास्टचा जोडकार्यक्रम त्या कार्यक्रमाने पुरविलेल्या घटकांवाचून चालत नाही. क्विकसिल्व्हरमधील ट्रिगर तर दुसऱ्या कोणत्याही लाँचरमध्ये नेता येत नाहीत. ते एकेक करून हाताने पुन्हा बांधावे लागतात. [⟶ संगणक].